लाल चावी

व्हॅन विकत घेतली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. दोन म्हाताऱ्यांना विरंगुळा, एवढंच सगळ्यांना वाटलं असावं. मी त्या व्हॅनमध्ये हिवाळाभर राहणार आहे असं सांगितलं, तेव्हा मात्र माझ्या थोरल्या मुलाने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"राहणार? कुठे?"

"तुझ्या बहिणीच्या दवाखान्याच्या मागच्या आवारात. तिने विचारून ठेवलंय, जागा आहे."

माझी लेक डोंगरावरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिला आणि जावयाला राहायला दिलेली खोली एवढीशी की रात्री पलंग उघडला की दार उघडत नाही. तिचे दिवस भरत आले होते. बाळ ऐन थंडीत येणार होतं. मला पाहुणी म्हणून जाऊन, बाळाचं तोंड पाहून परत यायचं नव्हतं. तिने हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर मला असायचं होतं. व्हॅन त्यासाठी होती.

"आणि चालवणार कोण?" थोरल्याने विचारलं.

"मी," माझी नणंद म्हणाली. "का रे? तुला शाळेत कुणी पोचवलं होतं?"

माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण. सगळी नोकरी तिने शाळेची बस चालवण्यात काढली. मी तिला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते, ती मला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालत होती, तरी ते तसंच पडलं, आणि आता ते बदलायचं आमचं वय राहिलं नाही.

थोरला लिफ्ट तपासतो. माणसांनी भरलेली पेटी दोरावर लटकते ती सुरक्षित आहे की नाही, हे सही करून सांगणं त्याचं काम. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्याला आधी तुटलेली दिसते, मग चालणारी. त्याने मला अडवलं नाही, पण बहिणीला फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले. मग तिने मला फोनवर घेतलं.

"आई, दादा हो म्हणाला तर ये. तू इथे गारठून आजारी पडलीस तर मी बाळाकडे बघू की तुझ्याकडे?"

ती बरोबरच बोलत होती.

थोरल्याची अट सोपी होती. थंडीची लाट येणार असं सांगत होते. त्या लाटेतली एक रात्र आम्ही दोघींनी व्हॅनमध्ये काढायची, आमच्याच घरासमोरच्या आवारात. घरातून वायर ओढायची नाही. इंजिन चालू करायचं नाही, कारण दवाखान्याच्या आवारात आजारी माणसांच्या खिडकीखाली पहाटे कुणी इंजिन धडधडू देणार नाही. सकाळी तो येऊन बघणार. आम्ही घरात पळून आलो किंवा आत कुडकुडत बसलेल्या सापडलो, तर व्हॅन उन्हाळ्यापर्यंत जागेवरच.

"कबूल," मी म्हणाले.

"तुला एवढी खात्री कशाची आहे गं?" वन्संनी नंतर विचारलं.

"जाळाची," मी म्हणाले. मी जन्मभर बेकरीच्या भट्टीसमोर उभी राहिलेली बाई. जाळ हा एकच प्राणी मला नीट ओळखता येतो.

आता व्हॅनबद्दल सांगते. ती पूर्वी पार्सलं वाहायची. एका सुताराने ती घेऊन आत लाकडी घर केलं. मागे आडवा पलंग, मधे टेबल आणि एका बाजूला शेगडी. पुढच्या सीटच्या पाठीमागे एक लहानशी पाटी, तिच्यावर बटणं आणि बॅटरीचा आकडा दाखवणारी काच. इंजिनची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. घराच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि हीटर चालतो, आणि ती छपरावरच्या सोलरने भरते. सगळ्याचा मेन स्विच म्हणजे दाराच्या पायरीजवळची एक लाल चावी. आडवी केली की सगळं बंद.

हीटर सीटखाली बसवलेला. तो गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो, थेंब थेंब. सुतार मला समजावत होता तेव्हा वन्संनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं होतं. सुतार म्हणाला, "बाई, हा डिझेल जाळतो, पण जागा होतो बॅटरीवर. चालू करताना आतली कांडी लाल होते, तेव्हा तो भरपूर वीज ओढतो. एकदा पेटला की मग गरीब आहे, थोडक्यात भागवतो. आणि बंद करताना त्याला झोपायला वेळ द्या. बटण बंद केलं तरी पंखा थोडा वेळ चालू राहील. तो स्वतः थांबेपर्यंत मेनला हात लावू नका." मी मान हलवली. मला ते नवीन नव्हतं. भट्टीही तशीच असते. माझी चूक एवढीच की हे वन्संच्या कानावर घालायचं राहून गेलं. त्यांना गाडीतलं सगळं येतं असं मी धरून चालले.

ठरलेल्या संध्याकाळी आम्ही पांघरुणं आणि खाण्याचा डबा घेऊन व्हॅनमध्ये शिरलो. सून दारात उभी राहून हसत होती. "दूरच्या प्रवासाला निघाल्यासारखा निरोप घेताय," ती म्हणाली. "फाटक तरी ओलांडा."

आत येऊन वन्संनी हीटरची खुंटी फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग सीटखालून टक्, टक् असा आवाज सुरू झाला, डिझेलचा पंप तो. मग पंखा घुमला आणि पायाशी ऊब आली. पहिल्यांदा जरा वास आला, मग तोही गेला. मी छपराची झडप बोटभर उघडी ठेवली. विषारी धुराची सूचना देणारा एक चौकोनी डबा भिंतीवर होता, त्याचं बटण दाबून तो ओरडतो का ते पाहिलं. असा ओरडला की वन्संच्या हातातला जेवणाचा डबा सांडता सांडता राहिला.

"अगं, सांगून तरी दाब!"

"धुराची सूचना सांगून मिळत नसते, वन्सं."

मग दिव्यांवरून जुंपली. सुताराने फळीखाली पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या लावल्या होत्या, पलंगाशी वाचायचे दोन लहान दिवे होते, आणि टेबलावर जुन्या पद्धतीचे दोन काचेचे पिवळे बल्ब. मला पांढरा उजेड आवडत नाही. त्यात माणसाचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा दिसतो. मी पिवळे लावले. वन्संनी काचेवरचा आकडा बघितला.

"वहिनी, हे तुझे दोन बल्ब बाकीच्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त खातायत."

"खाऊ देत. मीही जेवतेय."

जेवणं झाली. पत्ते झाले. वन्सं पत्त्यांत लबाडी करतात, आणि पिवळ्या उजेडात ती जास्त चांगली दिसते. आत एवढी ऊब होती की मी स्वेटर काढून उशीखाली घातला. पलंगावर आडवी झाले आणि पंख्याच्या आवाजात कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती नाकामुळे. नाकाचा शेंडा बर्फासारखा गार पडला होता. बाहेर उजाडायला लागलं होतं. खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं. आतले सगळे दिवे लख्ख पेटलेले, आणि वन्सं काखेत हात घालून टेबलाशी बसलेल्या. तोंडातून वाफ निघत होती.

सीटखालून काहीच आवाज नव्हता. हीटरच्या खुंटीजवळ एक तांबडा ठिपका उघडझाप करत होता.

"तो बंद पडलाय," वन्सं म्हणाल्या. "मी दोनदा लावून पाहिला. टक् टक् करतो, पंखा घुमतो आणि विझतो."

"रात्री काय केलंत?"

"काही नाही गं. रोजचंच. तू झोपलीस, मी मागपर्यंत जाऊन बघितलं, पुढे आले आणि मेन बंद केला. गारठ्याने जाग आली तेव्हा परत चालू केला."

रोजचंच म्हणजे काय ते मला माहीत होतं. शाळेची बस डेपोत लावली की वन्सं शेवटच्या सीटपर्यंत चालत जायच्या, एखादं पोर झोपून मागे राहिलंय का ते बघायला. मग पुढे येऊन मेन स्विच ओढायच्या. निवृत्त होऊनही घराचे दिवे घालवताना त्या अशाच आधी मागच्या खोलीत जाऊन येतात. या व्हॅनला तर मागची सीटच नव्हती, मीच झोपले होते तिथे. मला बघितलं, पोर नाही म्हणून ठरवलं, आणि जळत्या हीटरचा श्वास तोडून टाकला.

मी त्यांना सुताराचं बोलणं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. वन्संचा चेहरा सहसा उतरत नाही, त्यामुळे मलाच वाईट वाटलं.

"माझ्यामुळे तुझं जाणं राहिलं, वहिनी."

"अजून काही राहिलेलं नाही. बोटं चोळा."

"इंजिन लावू? बॅटरीही भरेल, ऊबही येईल. इतक्या सकाळी कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हणाले. "तिथे डोंगरावर हेच झालं तर काय करणार? तिथे जे करता येणार नाही ते इथे करून काय कळणार?"

एवढ्यात दारावर टकटक झाली. थोरला. अंगात दोन स्वेटर, हातात चहाचा थर्मास, काखेत जाड रजई. डोळे लाल. त्याने उघड्या दारातून आत वाकून माझा हात धरला.

"आई, तुझे हात बघ कसे झालेत. चल, घरात चल. आत्या, तूही."

या क्षणी मी पायरी उतरले असते तर गोष्ट संपली होती. त्याने टोमणाही मारला नसता, तो तसा नाही. रजई पांघरून घरात नेलं असतं, आणि माझ्या लेकीने डोंगरावर आईविना कळा सोसल्या असत्या.

"आपण असं करू," मी म्हणाले, "तूच आत ये. आणि दार लाव, गारवा येतोय."

तो आत आला. उंच माणूस, डोकं छताला लागू नये म्हणून मान वाकडी करून उभा राहिला. मी झालेलं सगळं सांगितलं. लपवून काही फायदा नव्हता, तांबडा ठिपका त्याच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता.

"लाल चावी मी ओढली," वन्सं मधेच म्हणाल्या. "वहिनीचा काही दोष नाही."

थोरल्याने कपाळाला आठी घातली. "किती वेळा लावून पाहिलास?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा फसला तर तो स्वतःला कुलूप लावून घेतो. मग कारागीर बोलवावा लागतो. त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय."

"तू वाचलीस?" वन्संनी मान वर केली. "व्हॅन नको म्हणत होतास ना? मग पुस्तिका कशाला वाचलीस?"

"नको म्हणायलाही वाचावं लागतं, आत्या."

म्हणजे आमच्या हातात एकच संधी होती. मी टेबलाशी बसले आणि घाई केली नाही. बेकरीत एकदा नव्या माणसाने भर जाळात धुराडं बंद केलं होतं. तेव्हाही सगळे म्हणत होते, पेटव, परत पेटव. भट्टी अशी पेटत नाही. आत कोंडलेलं असतं ते आधी बाहेर जाऊ द्यावं लागतं. या हीटरच्या पोटातही रात्रीचं न जळलेलं डिझेल आणि काजळी असणार. आणि दुसरी गोष्ट, कांडी लाल व्हायला भरपूर वीज लागते, आणि इथे गारठलेली बॅटरी, त्यावर वन्संनी हीटरचा बिघाड शोधायला लावलेले सगळे दिवे, वर माझे दोन खादाड बल्ब.

"सगळे दिवे बंद," मी म्हणाले.

"अंधारात?"

"उजाडलंय बाहेर. बंद करा."

दिवे गेले. काचेवरचा आकडा किंचित वर सरकला. माझे पिवळे बल्ब मी स्वतःच्या हाताने काढून ठेवले, म्हणजे चुकूनही कुणी लावू नयेत. वन्संनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलल्या नाहीत. हे त्यांनी माझ्यासाठी केलेलं फार मोठं काम.

"या खुंटीवर नुसता पंखा चालतो ना?" मी थोरल्याला विचारलं. "डिझेल न घेता?"

"चालतो. डावीकडे फिरवायची."

मी डावीकडे फिरवली. पंखा घुमू लागला, गार हवा पायांवर आली. वन्संनी पाय वर घेतले. "हीटर आहे की फ्रीज?" त्या पुटपुटल्या.

"पोट साफ होतंय त्याचं. जरा दम धरा."

समोरच्या घरांच्या छपरांवर ऊन आलं होतं. आमच्या छपरावरही येणार होतं. मी खिडकीतून वाकून वर बघितलं.

"थोरल्या, तुझी उंची कधी कामाला येणार? मागची शिडी चढ आणि सोलरवरचं दव पूस. गोठलं असेल तर ओरखडू नकोस, कोमट पाणी घे."

"आई, मी तपासायला आलोय."

"तपासच की. वरूनच सुरुवात कर."

त्याने थर्मासातला चहा आमच्या पेल्यांत ओतला, घरातून कोमट पाणी आणि फडकं आणलं आणि तो छपरावर चढला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज आमच्या डोक्यावर फिरत होता. "धप् धप् करू नकोस!" वन्सं ओरडल्या. "व्हॅन आहे, लिफ्ट नाही!" वरून उत्तर आलं नाही, पण हसल्यासारखा आवाज आला.

मी तोवर खाली उतरून धुराची नळी बघून आले. व्हॅनच्या पोटाखालून बाहेर येते ती. तिच्या तोंडाशी पाला साचला होता, तो काढला. आम्ही चहा प्यायलो. ऊन छपरावर उतरलं तसा आकडा हळूहळू चढायला लागला. वन्सं त्या आकड्याकडे अशा बघत होत्या जशी बस सुटायच्या आधी घड्याळाकडे बघायच्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

थोरला खाली आला, बोटं लाल झालेली. तो पलंगाच्या कडेला बसला. मला आतून काळजी होतीच, पण हात मी खुंटीपासून लांब ठेवले. पाव फुगताना झाकण उघडून बघायचं नसतं, तेवढं वाट बघणं मला येतं.

मग मी पंखा थांबवला आणि खुंटी उजवीकडे फिरवली.

बराच वेळ काहीच नाही. आकडा एकदम खाली आला, कांडी तापत होती. वन्संनी माझं मनगट पकडलं. आकडा तिथेच थांबला, आणखी खाली गेला नाही. टक्. मग शांतता. टक्. टक्. बाहेर नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, थोरला उठून खिडकीशी गेला. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. टक् टक् टक् टक्. तांबडा ठिपका हिरवा झाला. पंख्याचा आवाज चढला आणि माझ्या घोट्यांवर ऊब आली, आधी कोमट, मग चांगली गरम, ताज्या पावाच्या ट्रेवरून येते तशी.

वन्संनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

थोरल्याने धुराच्या डब्याचं बटण दाबून पाहिलं. झडप किती उघडी आहे ते पाहिलं. गरम हवेच्या जाळीपुढे हात धरला, नळीचा सांधा चाचपला, सीटखाली वाकून वास घेतला. त्याला दोष सापडला नाही. मला ते त्याच्या पाठीवरूनच कळलं.

"हो म्हणतोस?" मी विचारलं.

"बघू या टिकतोय का," तो म्हणाला आणि परत पलंगाच्या कडेला बसला. "थोडा वेळ बसतो."

मी शेगडीवर नवा चहा टाकला. वन्सं आणि मी पुढच्या बाजूला बसून वाटेचं बोलू लागलो. घाट कुठे लागतो, डिझेल कुठे भरायचं, टाकी फार खाली जाऊ द्यायची नाही कारण पाव टाकी उरली की हीटर उपाशी राहतो. पिवळ्या बल्बऐवजी तसाच उजेड देणारे कमी खाणारे दिवे मिळतात, ते आणायचे. व्हॅन उबदार झाली. खिडक्या सुकल्या. बाहेर चांगलं ऊन पडलं.

"आता बंद करू या," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या सुताराच्या पद्धतीने. मला करू दे, हाताला सवय लागली पाहिजे."

त्या उठल्या. हात सवयीने पायरीजवळच्या लाल चावीकडे गेला, पण मधेच थांबला. मग त्यांनी पायातला एक लोकरी मोजा काढला आणि चावीवर चढवला. "आता अंधारातही हाताला कळेल," त्या म्हणाल्या. एका पायात मोजा आणि एक पाय उघडा, अशा त्या सवयीप्रमाणे मागच्या टोकाला बघायला गेल्या.

गेल्या त्या तिथेच थांबल्या.

"वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मागे एक पोरगं राहिलंय."

मी वळून बघितलं. थोरला पलंगावर आडवा झाला होता, पाय बाहेर लोंबत होते, दोन्ही स्वेटर काढून उशाला घेतलेले, तोंड उघडं, घोरत होता. रात्रभर खिडकीशी उभा राहून आमच्या व्हॅनकडे बघत होता, हे सुनेने नंतर सांगितलं.

वन्संनी त्याच्या पायांवर त्याचीच रजई टाकली आणि पाऊल न वाजवता पुढे येऊन बसल्या. हीटर बंद करायचं कुणीच बोललं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेक. पहाटेची पाळी संपवून तिने लगेच लावला असणार.

"काय झालं आई? दादा काय म्हणाला?"

"दादा काही म्हणत नाहीये," मी हळूच म्हणाले. "झोपलाय."

"झोपलाय? कुठे?"

"व्हॅनमध्ये. पलंगावर. स्वेटर काढून."

पलीकडून तिचा हसू दाबल्याचा आवाज आला, आणि त्या मागोमाग नाक ओढल्याचा.

"येताना माझं ते जुनं मऊ पांघरूण घेऊन या," ती म्हणाली. "बाळाला पहिल्यांदा त्यातच घ्यायचंय."